पेटी

मराठीतला ‘पेटी’ हा शब्द मोठा फसवा आहे. लग्नातले शालू जीत ठेवायचे ती पेटी, हापूस आंबे जीतून येतात ती पेटी, देवळात पैसा टाकायचा तीही पेटी. आणि मुंबईतील काही मंडळींच्या सांकेतिक भाषेत एक लाख रुपयांनाही ‘पेटी’ म्हणतात असे ऐकतो. आमच्या तात्यांनी मात्र हा शब्द जन्मभर एकाच वस्तूसाठी राखून ठेवला होता. ती वस्तू १९८३ सालच्या श्रावणात कसाऱ्याच्या लोकलमधून चोरीस गेली. उचलणाऱ्याने ती कोणत्या अर्थाची पेटी समजून उचलली असावी, हा प्रश्न चाळीस वर्षे झाली तरी मला सोडीत नाही. वाद्य म्हणून उचलली असेल तर तो चोर रसिक म्हटला पाहिजे. पैशाची समजून उचलली असेल तर घरी झाकण उघडल्यावर त्याची मुद्रा कशी झाली असेल, हे डोळ्यांपुढे आणून मी मनातल्या मनात थोडे हसून घेतो. थोडेच, कारण या चोरीत माझाही एक वाटा आहे.

तात्या शहापूर तालुक्यात शिक्षक होते आणि आम्ही उंबरमाळीस राहत असू. खर्डी आणि कसारा यांच्यामधले हे गाव. पूर्वेस सह्याद्रीची भिंत. पावसाळ्यात ती दिवसचे दिवस ढगांत बुडून जाई, आणि रात्री मालगाड्यांचा आवाज मात्र त्या ढगांतून परत येई. याच तालुक्यातील तलावांचे पाणी मुंबई पिते आणि याच तालुक्यातील पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका टँकरची वाट पाहत बसतात. पण त्यास चोरी म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. असो. गावात दर एकादशीस भजन असे आणि वर्षातून एकदा हरिनाम सप्ताह. दोन्हीकडे पेटीवर तात्या.

ही पेटी त्यांनी एका बंद पडलेल्या नाटक मंडळीच्या सामानातून, कित्येक महिने थोडे थोडे पैसे देत, विकत घेतली होती. आत खर्ज आणि नर अशी सुरांची दुहेरी रांग, आणि सूर पॅरिसचे. हार्मोनियमचा जन्मच मुळी पॅरिसचा. दबँ नावाच्या गृहस्थाने १८४२ साली तेथे तिचे पेटंट घेतले. पायाने भाता मारायचे ते वाद्य कलकत्त्याच्या कारागिरांनी हाताच्या भात्याचे केले, तेव्हा ते आपल्या मांडीजवळ येऊन बसले. विलायती म्हणून रेडिओने १९४० साली तिला दार बंद केले आणि पुढे तीस वर्षे ते उघडले नाही. हा विषय निघाला की तात्या चिडत. “देवाच्या दारात चालते, ती रेडिओच्या दारात चालत नाही,” असे म्हणत. तिच्या मध्य सप्तकातली पांढरी तीन दाबली की सूर लागण्याआधी एक अगदी बारीक श्वास ऐकू येई. गाण्यापूर्वी माणूस घेतो तसा. दादरच्या कारागिराने दुरुस्तीच्या वेळी “हा सूर घासून स्वच्छ करू का?” म्हणून विचारले, तेव्हा तात्यांनी मोठ्या घाईने त्याचा हात धरला होता. मी ते पाहिले आहे, कारण त्या दिवशी मी बरोबर होतो.

येताना गाडीस गर्दी होती. पेटी माझ्या डोक्यावरच्या फळीवर. कल्याणला तात्या केळी घ्यावयास उतरले. जाताना म्हणाले, “पेटीवर लक्ष ठेव रे.” मी मान डोलावली. माझ्या हातात बाबूराव अर्नाळकरांचे पुस्तक होते आणि काळा पहाड त्या वेळी मोठ्या संकटात होता. परतताना गर्दीमुळे तात्यांना आत शिरता आले नाही. ते दारातच उभे राहिले. मी वाचीत राहिलो. तेरा वर्षांच्या मुलाने चोरांची गोष्ट वाचावी आणि त्याच घटकेला डोक्यावर खरी चोरी व्हावी, हा योग एखाद्या कथालेखकाने जुळविला असता तर मी त्यास खोटा म्हटले असते. खर्डी आली. तात्यांनी रिकाम्या फळीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि विचारले, “पाणी पिणार का?” त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मला त्या दिवसाबद्दल एक शब्दही विचारला नाही. विचारला असता तर बरे झाले असते.

फिर्याद लिहिणारा हवालदार सज्जन होता. त्याने किंमत विचारली. तात्यांना सांगता येईना. घेतली तेव्हाची सांगावी तर हास्यास्पद, आणि आजची सांगावी तर ती कोणी ठरविलेलीच नव्हती. त्याने ओळखण्याची खूण विचारली. तात्या म्हणाले, “पांढरी तीन दाबली की आधी श्वास येतो.” हवालदाराची लेखणी थांबली. मग त्याने बराच विचार करून ‘एका पट्टीत बिघाड’ असे लिहिले.

घरी आईने दुरुस्त होऊन येणाऱ्या पेटीसाठी खादीची नवी गवसणी शिवून ठेवली होती. त्या वर्षीच्या दसऱ्यास आम्ही पाटी-पुस्तके पूजेस मांडली. तात्यांनी शेजारी ती रिकामी गवसणी घडी करून ठेवली आणि तिच्यावर एक झेंडूचे फूल वाहिले. पुढे दरवर्षी हेच होत गेले. पुढच्या एकादशीस ते भजनाला गेले, पण मांडीवर हात ठेवून बसले. बोटे मात्र धोतरावर चालत होती. काही महिन्यांनी मंडळाने एक साधी पेटी आणली आणि ती ते वाजवू लागले. उत्तम वाजवीत. तथापि शहरात पाऊल टाकले की वाद्यांचे दुकान, जुन्या सामानाचा बाजार, कोणाच्या ओसरीवरची झाकून ठेवलेली पेटी, काहीही दिसो, ते पुढे होत, भाता एकदा ओढीत आणि पांढरी तीन दाबीत. मुंबईच्या चोरबाजारात त्यांनी मला किती वेळा नेले याची गणती नाही. कान वाकडा करून ते ऐकत, मान हलवीत, आणि दुकानदाराचे आभार मानून निघत. दुकानदार त्यांना वेडे समजत. कॉलेजात गेल्यावर मला या गोष्टीची लाज वाटू लागली, आणि मी चार पावले मागे राहून, आपण यांचे कोणी नव्हेत असे दाखवू लागलो. हेही येथे सांगितले पाहिजे.

इंग्रजी शिकविण्याच्या निमित्ताने देशोदेशींचे वाचन होते, आणि माझे लक्ष नकळत अशाच कहाण्यांवर जाऊन बसते. मिन किम नावाच्या व्हायोलिनवादिकेचे १६९६ सालचे स्ट्रॅडिव्हेरियस २०१० साली लंडनच्या यूस्टन स्टेशनातील एका उपाहारगृहात पायाजवळून गेले. बारा लाख पौंडांची ती वस्तू चोरांनी एका गृहस्थास शंभर पौंडांना देऊ केली; त्याने सांगितले, “नको, माझ्या मुलीपाशी बासरी आहे.” तीन वर्षांनी ते सापडले, पण मधल्या काळात बाईंनी विम्याचे पैसे घेतले होते, सबब ते त्यांचे राहिले नव्हते. ते लिलावात विकले गेले. वाद्य गेल्यानंतर त्या कित्येक दिवस वाजवूच शकल्या नाहीत, आणि पुढे या वियोगावर त्यांनी अख्खे पुस्तक लिहिले. एका लाकडी वस्तूसाठी इतका शोक काय करायचा, असे कोणी म्हणेल. ज्याने तात्यांची बोटे धोतरावर चालताना पाहिली आहेत, तो म्हणणार नाही. वादकाचे अर्धे ज्ञान त्याच्या मेंदूत नसतेच. कोणत्या पट्टीवर किती दाब, भात्यास कुठे दम, हे सारे त्या एका वाद्याशी झालेले करार असतात. वाद्य गेले की बोटांना एकाएकी परक्या घरी राहावयास जावे लागते.

रोमान टोटेनबर्ग यांचे १७३४ सालचे व्हायोलिन १९८० साली अमेरिकेत एका कार्यक्रमानंतर चोरीस गेले. त्यांचा एका तरुणावर संशय होता. पण पुरावा नव्हता. ते एकशे एक वर्षे जगले आणि २०१२ साली वारले. व्हायोलिन २०१५ साली सापडले, ते त्याच तरुणाच्या पूर्वीच्या पत्नीपाशी. तीन मुलींनी ते स्वीकारले. तात्या जाऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. ती बातमी वाचून मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि त्या दिवशी दुसरे काही वाचले नाही.

सर्वांत वाईट गोष्ट मात्र आपल्याच देशातली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ २००६ साली गेले. दहा वर्षांनी, २०१६ च्या डिसेंबरात, बनारसच्या घरातून त्यांच्या पाच सनया नाहीशा झाल्या. त्यांतल्या बहुतेक चांदीच्या होत्या. पोलिसांनी पकडले ते घरातल्याच माणसाला. सराफाने सतरा हजार रुपये दिले होते आणि चांदी वितळवून टाकली होती. पोलिसांच्या हाती लागला तो किलोभर चांदीचा गोळा. टोटेनबर्गांच्या चोराने निदान वाद्याला वाद्य राहू दिले. येथे तर वजन काट्यावर चढले आणि सूर मुशीत गेला.

यांच्या उलट टोकाला हुबरमानची गोष्ट आहे. ब्रॉनिस्लाव हुबरमानचे १७१३ सालचे व्हायोलिन दोनदा चोरीस गेले. १९१९ साली व्हिएन्नात गेले ते लवकरच मिळाले; १९३६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, तो रंगमंचावर दुसरे व्हायोलिन वाजवीत असताना आतल्या खोलीतून गेले, ते गेलेच. हुबरमान १९४७ साली वारला. ते व्हायोलिन जवळच्या एका उपाहारगृहात वाजविणाऱ्या ज्युलियन आल्टमन नावाच्या वादकापाशी होते. त्याने त्याला बुटाचे पॉलिश फासून काळे केले आणि जवळजवळ पन्नास वर्षे ते वाजविले, आणि १९८५ साली मरणशय्येवर बायकोला खरे सांगितले. आज ते जोशुआ बेल वाजवितो.

मी नुकताच नोकरीस लागलो होतो तेव्हा ही हकीकत मी तात्यांना सांगितली होती. मला वाटले, त्यांना त्या चोराचा संताप येईल. ते अडकित्त्याने सुपारी कातरीत होते. म्हणाले, “पन्नास वर्षं वाजवलं?”

“हो.”

“बरं वाजवत होता का?”

“पोटापुरतं वाजवत असावा. काही काळ मोठ्या वाद्यवृंदातही होता म्हणतात.”

“मग ते उपाशी राहिलं नाही.” थोड्या वेळाने मात्र सुपारी तशीच हातात धरून ते म्हणाले, “त्या पहिल्या माणसाला कोणीतरी कळवायला हवं होतं, की वाजतंय म्हणून. एवढंच कळवायचं. कुठं आहे ते नाही सांगितलं तरी चाललं असतं.”

न्यायाच्या दृष्टीने हे उत्तर लंगडे आहे, हे मला समजते. चोराने वस्तू चांगली वापरली म्हणून चोरी धुऊन निघत नाही. तरीदेखील चोरबाजारातल्या त्या फेऱ्यांचा अर्थ मला त्या दिवशी प्रथम उलगडला. तात्या पेटी परत मिळविण्यासाठी हिंडत होते अशी माझी समजूत होती. ते तिच्या खुशालीची चौकशी करीत होते.

या वर्षी सप्ताहासाठी मी उंबरमाळीस गेलो. तात्यांबरोबर पखवाज वाजविणारे बुवा आता ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत, पण पखवाजाच्या धुमेस कणीक लावावयाचे काम अजून दुसऱ्या कोणास देत नाहीत. मंडळापाशी नवी पेटी आहे. एका कॉलेजातल्या मुलाने ती शिकून घेतली आहे. भजनास अवकाश होता. मी नकळत पेटीपाशी गेलो, भाता ओढला आणि पांढरी तीन दाबली. सूर अगदी स्वच्छ निघाला.

बुवा हसले. “मास्तरांची खोड लागली तुम्हांला, धाकले मास्तर.” मग कणीक मळता मळता म्हणाले, “फार लागलं होतं त्यांना. सांगायचे, ‘मला गाडीत डुलकी लागली नि पेटी गेली, दोष माझा.’ पाच-सहा जणांत बसले की सांगायचे.”

माझ्या हातातला भाता तसाच राहिला. मी इतकी वर्षे या गावात मान खाली घालून येत होतो, कारण सगळ्यांस खरे ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. मी म्हणालो, “बुवा, तात्यांना डुलकी लागली नव्हती. ते दारात उभे होते. फळीखाली मी बसलो होतो. पुस्तक वाचत होतो.”

बुवांनी कणकेवरचा हात थांबविला नाही.

“ते आम्हांला तेव्हाच ठावं होतं,” ते म्हणाले. “मास्तर गाडीत कवा झोपलेत? रातभर भजन चाललं तरी त्यांचा डोळा लागत नव्हता.”

मग त्यांनी कणकेवरून पाण्याचा हात फिरविला, एक थाप मारून पाहिली, आणि त्या मुलाला सूर द्यावयास सांगितले.