उभं राहण्याची तालीम

शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत आम्ही संथ चालण्याची तालीम करतो. आधी टाच टेकते, मग तळव्याची बाहेरची कड, मग चवडा. वजन पुढच्या पायात पुरतं उतरल्याशिवाय मागचा पाय उचलायचा नाही. तालमीच्या खोलीत हे जमतं. इथे समोरून पळणारे येतात, मागून कुणी हॉर्न देतं, आणि खांदे आपोआप कानांकडे चढतात.

शहराने शरीराला लावलेलं हे वळण आहे. लोकलच्या महिला डब्यात पर्स पोटाशी, कोपरं आत, ‘दादर?’ विचारत अंग तिरकं करून दाराकडे सरकायचं. हे मोठं कौशल्य आहे. नव्या मुलींना मी आधी तेच करायला लावते, फक्त अर्ध्या वेगाने. पोट आपण किती आवळून धरतो, ते तेव्हा कळतं.

अमेरिकी नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९६७ साली ‘सॅटिस्फाइन लव्हर’ बसवलं. त्यात माणसं चालतात, थांबतात, खुर्चीवर बसतात, बस्स. पुढे नुसत्या उभं राहण्याला त्यांनी ‘स्मॉल डान्स’ म्हटलं. आपण स्थिर असतो तेव्हाही घोट्याभोवतीचे स्नायू तोल सावरत असतातच. तिकडे लक्ष द्यायचं. मुंबईत हा नाच मला फार मोलाचा वाटतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर’मध्ये (२०११) लिहिलंय, तसं इथे बाईला घराबाहेर सतत कामासाठीच आल्याचं दाखवावं लागतं. मोबाइल न काढता उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, ‘ताई, कुणाची वाट बघताय?’ ‘कुणाची नाही काका, उभ्या आहोत.’

रेल्वेच्या पुलावर मात्र कधीच नाही. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. जिथे एकाच्या थांबण्याने मागच्याचा श्वास कोंडू शकतो, तिथे कलेच्या नावाने थांबायचा हक्क मला नाही. म्हणून जागा ठरवण्याआधी मी गर्दीच बघत बसते. लोक कुठे वळतात, हातगाडी कुठून निघते, म्हातारी माणसं कुठला आधार धरतात. खांबापाशी गर्दी दुभंगते, त्याच्या पाठीमागे थोडी जागा रिकामी राहते. ती आमची.

तिथेही धक्के लागतात. अंग ताठ करायचं नाही. गुडघे सैल सोडून धक्का टाचेपर्यंत जाऊ द्यायचा. मुद्दाम दिलेला धक्का अंगाला लगेच ओळखू येतो. तेव्हा तालीम थांबवून आम्ही सगळ्याजणी त्या माणसाकडे वळून बघतो.