दहा-अकराचा पाना

मिरजेत अब्बांचं स्कूटर-मोटारसायकलचं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथे पाने पुसत बसायचो. अब्बा गाडीशी वाकलेले असायचे. हात मागे करून म्हणायचे, “दहा-अकराचा दे.” कुठल्या कंपनीचा, जुना की नवा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नटाला आकडा जुळला की झालं.

पुढे पुण्यात प्रोग्रामर झालो, जावा शिकलो आणि नेमकं हेच विसरलो.

महिन्याची बिलं देणारी एक मेथड मी लिहिली आणि ती ‘ॲरेलिस्ट’ परत करते असं जाहीर केलं. खरं तर ‘लिस्ट’ एवढंच म्हणायला हवं होतं. ‘लिस्ट’ हा इंटरफेस, म्हणजे नुसता करार: वस्तू क्रमाने ठेवलेल्या आहेत, हव्या त्या क्रमांकाची मागा. तो करार आतून कसा पाळायचा, हे ‘ॲरेलिस्ट’ नावाचा क्लास ठरवतो. १९९८ साली जावा १.२ बरोबर कलेक्शनची ही मांडणी आली, तेव्हाच करार आणि क्लास वेगळे ठेवले होते. मला हे माहीत होतं. आळस केला.

दोन वर्षांनी कळलं, की दुसऱ्या टीमचा कोड त्या यादीतून परस्पर बिलं काढून टाकतोय. उपाय सोपा होता. यादी फक्त वाचण्यापुरती द्यायची. जावात त्यासाठी तयार सोय आहे. पण ती सोय ‘लिस्ट’ देते, ‘ॲरेलिस्ट’ नाही. माझ्याच शब्दाने माझे हात बांधले होते.

नव्याने लागलेल्या एका मुलाला मी सांगितलं, “फक्त परतीचा प्रकार बदल.” त्याने बदलला. आमच्याकडे सगळं नीट कंपाइल झालं. रात्री बिलांचं काम सुरू होताच बंद पडलं: मेथड सापडत नाही. परतीचा प्रकार हा मेथडच्या ओळखीचाच भाग असतो. दुसऱ्या टीमची जुनी, पुन्हा कंपाइल न केलेली फाइल अजून ‘ॲरेलिस्ट’वालीच मेथड शोधत होती.

सकाळच्या मीटिंगमध्ये त्या मुलाला बोलणी बसली. मूळ चूक माझी, बदल करायला सांगणाराही मीच. मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिलो.

आता मी मेथडच्या तोंडाशी शक्य तितकं कमी वचन देतो. मेथडच्या आत काय वापरलं याची फार फिकीर करत नाही. ते घरातलं असतं, कधीही बदलता येतं. पण करारावर डोळे मिटून विसंबतही नाही. ‘लिंक्डलिस्ट’सुद्धा ‘लिस्ट’च, मात्र तिला मधला घटक मागितला तर ती टोकापासून एकेक मोजत जाते. वाचण्यापुरत्या यादीत काही घालायला गेलं, तर प्रोग्राम चालू असताना एरर येते. अब्बाही म्हणायचे, “आकडा तोच, पण पोलाद हलकं असेल तर नट गोल होतो.”

तो मुलगा वर्षभरात दुसरीकडे गेला. निरोपाच्या चहाच्या वेळी मी त्याला म्हणालो, “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

तो म्हणाला, “सर, तेव्हा बोलला असता तर बरं झालं असतं.”

एवढंच. बरोबर बोलला.