पराभवाचा एक गुण

आयर्लंडमधील लिमरिक शहरी आम्ही 2001 साली आलो, ते आमच्या सौभाग्यवतींच्या परिचारिकेच्या नोकरीनिमित्त. वसईत असताना क्रिकेट आणि फुटबॉल यांपलीकडे आमची धाव नव्हती. शॅनन नदीकाठच्या या गावात मात्र रग्बीवाचून पान हलत नाही. गोदीतला कामगार आणि इस्पितळातला डॉक्टर येथे एकाच संघात खांद्याला खांदा लावून खेळत आले आहेत. ‘तुमचा क्लब कोणता?’ हा शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न. येथेच जन्मलेल्या आमच्या मुलाने त्याचे उत्तर आम्हांला मिळवून दिले. विसाव्या वर्षी, 2022-23च्या मोसमात, तो एका लहानशा क्लबच्या पहिल्या संघात आला.

ऑल-आयर्लंड लीग ही येथील क्लबांची स्पर्धा 1990-91मध्ये सुरू झाली. पहिले विजेतेपद कॉर्क कॉन्स्टिट्यूशनला मिळाले. त्यानंतर 1992 ते 1998 अशी सलग सात वर्षे ते लिमरिकमध्येच राहिले. गॅरीओवेन, यंग मन्स्टर आणि शॅनन हे ते तीन क्लब. यंग मन्स्टरने 1993 साली डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर सेंट मेरीज कॉलेजला 17-14 असे हरवले, त्याची आठवण वडीलधारी मंडळी अजून काढतात. ऑगस्ट 1995मध्ये रग्बी युनियनने मानधनाची बंदी उठवली. उत्तम खेळाडू पगारावर प्रांतिक संघांकडे गेले आणि क्लबांच्या मैदानांवरची गर्दी ओसरली. तेव्हापासून ही लीग अर्धी व्यावसायिक, अर्धी हौशी अशी उरली आहे. प्रांताशी करार असलेला एखादा तरुण क्लबकडून उतरतो. त्याच्या शेजारी सुतार असतो, शिक्षक असतो, विद्यार्थी असतो.

पाच विभाग, प्रत्येकी दहा संघ. प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे अठरा सामने. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. आम्हांला सर्वांत भावला तो एक नियम: सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात, तर हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. मोसमाच्या शेवटी तळाचा संघ खालच्या विभागात उतरतो. त्या वेळी असा एकेक गुण सोन्याच्या मोलाचा ठरतो.

आमचा संघ बहुधा हरतच होता. शनिवारी दुपारी पावसात छत्री धरून आम्ही कडेला उभे राहत असू. मुलगा स्क्रमच्या पहिल्या रांगेत. दोन्हीकडचे आठ-आठ गडी डोकी खाली घालून एकमेकांना भिडत, तेव्हा आमचा श्वास अडके आणि छाती फुगेही.

फेब्रुवारीतल्या एका सामन्यात त्याच्या डोक्यास गुडघा लागला. तो झटकन उठला, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. आमच्या मात्र आले. रात्री जेवताना त्याने दिवा मालवायला सांगितले. आवडीचे कालवण तसेच राहिले. सौंनी दोन साधे प्रश्न विचारले. उत्तरे उशिरा आली.

“अहो, मी आत्ताच क्लबच्या डॉक्टरांना कळवते,” त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारचा सामना तळाच्याच संघाशी होता. आम्ही म्हणालो, “दोन दिवस थांबू या. झोपेने बरे वाटेल.”

सौंनी आमच्याकडे नुसते पाहिले आणि फोन उचलला. नियमानुसार किमान एकवीस दिवस खेळ बंद झाला. “मम्मी, तू संघाला बुडवलेस,” एवढेच बोलून मुलगा खोलीत गेला. दोन आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. आमच्याशी मात्र बोलत होता. तेच आम्हांला टोचत होते.

त्या शनिवारी आम्ही एकटेच मैदानावर गेलो. संघ पाच गुणांनी हरला. फाटकावर तिकिटे देणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही मुलाच्या गैरहजेरीचे कारण सांगितले. ते म्हणाले, “आमच्या वेळी तोंडावर पाणी मारायचे आणि परत आत ढकलायचे. माझा भाऊ असाच खेळला. आता त्याला माझे नाव आठवत नाही. तुमच्या बाईसाहेबांना माझा नमस्कार सांगा.”

घरी येऊन तो नमस्कार आम्ही सांगितला आणि स्वतःची चूकही कबूल केली, मुलाच्या देखत. तो काही बोलला नाही; पण त्या रात्री आईच्या ताटात त्याने भात वाढला.

एप्रिलच्या अखेरच्या सामन्यात तो पुन्हा खेळला. सौ. ड्यूटीवरून थेट आल्या, गणवेशावर कोट चढवून. आम्ही हरलो, दोन गुणांनी. तरीही संघ तळापासून तिसरा राहिला आणि विभागात टिकला.

वाचकहो, आपल्या वसईतही मुलांच्या सामन्यांच्या कडेला आपण असेच उभे राहतो. मुलाचे यश आपलेच वाटते, यात गैर काही नाही. परंतु त्या फेब्रुवारीच्या रात्री आम्हांला मुलापेक्षा शनिवार मोठा वाटला होता. लीगच्या हिशेबात थोडक्यात हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. त्या रात्रीच्या हिशेबात आमच्या नावावर तोही जमा नाही. जो काही आहे, तो सौंच्या खाती आहे.