घर निघालं ट्रॉलीवर

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्याच्या वडवणी-धारूर भागातल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. उसाचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला आपलं काम आधी करून हवं असतं. फाळक्याची बिजागरी, हुकाची झिजलेली पिन, मागचं रेडियम ही नेहमीची कामं. त्यांच्याबरोबर आणखी एक काम असतं, त्याला सगळे 'वरचा सांगाडा' म्हणतात. ट्रॉलीच्या चारही कोपऱ्यांना पाइपाचे वीतभर तुकडे वेल्डिंग करून जोडायचे, त्यांत उभे पाइप उतरवायचे, वर दोन-तीन कमानी टाकायच्या आणि कमानींवर ताडपत्री ताणून बांधायची. कारखान्यावर पोचलं की पाइप उपसून ठेवायचे आणि त्याच ट्रॉलीत ऊस भरायचा. जाताना-येताना घर, मधले पाच-सहा महिने मालगाडी.

मी याच भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. नोव्हेंबरमध्ये वर्ग अर्धा होतो, हे आम्हा शिक्षकांना नवीन नाही. हजेरीपटावर नावं राहतात, लेकरं सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, कधी थेट कर्नाटकात. सुट्टीचे दिवस उरले होते, तेव्हा त्यांच्या ट्रॉलीत बसून एकदा जावं असं ठरवलं. ट्रॅक्टरमालक आप्पांना विचारलं, तर ते हसले. "सर, पाठ धरील तुमची. पण चला, जागा करू."

टोळी दहा कोयत्यांची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला, काम मोजतात तेही जोडीचं. दहा जोड्या, त्यांची लेकरं, दोन म्हाताऱ्या, तीन शेळ्या आणि डालग्याखाली कोंबड्या, एवढं सगळं दोन ट्रॉल्यांत. पुढची ट्रॉली दहा-अकरा फूट लांब, सहा-साडेसहा फूट रुंद.

सामान भरण्याचं काम पुरुषांचं असेल असा माझा समज होता. पुरुष फक्त उचलून देत होते. कुठलं ओझं कुठं जाणार हे ठरवत होत्या टोळीतल्या सगळ्यांत जुन्या मावशी. त्या फाळक्यावर एक पाय ठेवून उभ्या होत्या आणि तिथून हुकूम सोडत होत्या. तळाला ज्वारी-बाजरीची पोती. त्यांवर पत्र्याच्या पेट्या. पेट्यांच्या फटींत हंडे, पातेली, पिठाचे डबे, उतरंड रचावी तसे एकावर एक. कोयते गोणपाटात गुंडाळून फाळक्याच्या आतल्या अंगाला, लेकरांच्या हाताला लागणार नाहीत असे. सगळ्यांत वर वाकळा, आणि वाकळांवर माणसं. मागच्या ट्रॉलीत बाजा, पाण्याचे ड्रम, सरपण, गवऱ्या, कळकाच्या काठ्या, चटयांच्या गुंडाळ्या आणि शेळ्या.

पोती मागे सरकवून पुढे पाय पसरायला जागा करावी, असं मी सुचवून पाहिलं. मावशी म्हणाल्या, "मागं वजन गेलं की ट्रॉली नाचती, सर." त्यांचं गणित बरोबर होतं. दोन चाकांच्या ट्रॉलीला एकच आस असतो. ओझं आसाच्या थोडं पुढे राहिलं तर दांडा हुकावर दाबून बसतो आणि ट्रॉली ट्रॅक्टरमागे सरळ धावते. ओझं मागे गेलं की दांडा उचलला जातो, शेपूट डावी-उजवीकडे हेलकावे खायला लागतं. उलट पुढे फार लादलं तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मोटारीमागे जोडायच्या ट्रेलरच्या माहितीपुस्तकात हेच नियम आकृत्या काढून समजावलेले असतात. मावशींना ते वाचायचं कारण कधी पडलं नाही.

म्हाताऱ्यांसाठी ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला एक आडवी फळी ठोकली होती. फळीखाली कोंबड्या, फळीवर आज्या. कमानीला एक जुनं लुगडं झोळीसारखं बांधलं होतं, त्यात सहा-सात महिन्यांचं पोर. ही झोळी ट्रॉलीतली सगळ्यांत आरामाची जागा होती. रस्त्याचे सगळे धक्के लुगडं गिळून टाकत होतं आणि पोर झोपलेलं होतं.

संध्याकाळी नारळ फुटला आणि ट्रॅक्टर निघाला. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर तो जात नाही. या गतीला रस्ता वेगळाच दिसतो. कपाशीच्या बोंडांची फूट पाहता येते, बांधावरच्या माणसाशी दोन वाक्यं बोलता येतात. तेलगावच्या पुढेमागे साखर कारखान्याची धुराडी दिसली. आमच्या जिल्ह्यात परळीकडे पांगरीला, अंबाजोगाईजवळ असे आणखी कारखाने आहेत. मग आपल्या कारखान्याला सोडून दोनशे किलोमीटर लांब का जायचं, हे मी शेजारी बसलेल्या एका दाजींना विचारलं. ते म्हणाले, "इथला पट्टा लवकर पडतो. तिकडं पाणी हाय, ऊस हाय, काम लांबतं. आन् उचल तिकडचीच घेतलीया." पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. आणखी विचारण्यासारखं काही उरलं नाही.

तेलगाव सोडलं की बालाघाटची रांग समोर येते आणि धारूरचा घाट सुरू होतो. सिंदफणा नदीच्या सपाटीवरून पठारावर नेणारा हा घाट अरुंद, वळणांचा आणि अपघातांसाठी बदनाम. पायथ्याला आप्पांनी ट्रॅक्टर थांबवला. बायका, मोठी लेकरं, पुरुष सगळे उतरले. आज्या आणि झोळीतलं पोर तेवढे वर राहिले. दोन तरुण लाकडाच्या उट्या खांद्यावर टाकून मागच्या चाकांच्या बरोबरीने चालू लागले. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. सगळी गाडी धरून ठेवायची ती एकट्या ट्रॅक्टरने. चढावर गिअर निसटला किंवा इंजिन दमलं तर मागे सरकणाऱ्या चाकाखाली उटी सारायला क्षणभरच मिळतो. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते, पण त्या पोरांनी मान वळवून पाहिलं नाही. त्यांची नजर चाकावर. मी पण चालत होतो. वर्गात खोड्या काढल्याबद्दल ज्याला मी वर्षभर बाकावर उभा करतो, तो माझा चौथीतला विद्यार्थी एका हातात धाकट्या बहिणीला आणि दुसऱ्या हातात शेळीचं दावं धरून माझ्यापुढे चढत होता. शेळीला ट्रॉलीत मळमळतं म्हणून तिलाही उतरवलं होतं.

घाटमाथ्यावर धारूर. गावाला लागून किल्ला आहे, सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने उभा केलेला. पूर्वी या किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही भांडल्या, आता त्याच्या पायथ्याच्या रस्त्याने दर वर्षी माणसं पोटासाठी जातात आणि कुणी वर पाहत नाही. आमच्यातही कुणी पाहिलं नाही. लेकरांचं लक्ष भज्यांच्या गाड्याकडे होतं.

केजला पोचेपर्यंत रात्र चांगलीच झाली. रस्त्याकडेला आमच्यासारख्या बऱ्याच ट्रॉल्या उभ्या होत्या. कुणी धारूरची, कुणी माजलगावची, कुणी परळीकडची. एकीवरच्या स्पीकरवर भक्तिगीतं, दुसरीवर लग्नातली गाणी, दोन्ही एकदम. बायकांनी घरून आणलेल्या भाकरी सोडल्या, वर ठेचा आणि कांदा. मालवाहू ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हे चालवणाऱ्यांना ठाऊक आहे, नाक्यावरच्यांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होतं. मला भाकरी मिळाली, ती मी खाल्ली.

केजच्या पुढे मांजरा नदी ओलांडली की बीड जिल्हा संपतो आणि पलीकडे धाराशिवचं कळंब. याच नदीवर केज तालुक्यात धनेगावला धरण आहे. २०१६ साली ते आटलं, तेव्हा लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. मिरज म्हणजे कृष्णाकाठ, उसाचा मुलूख. पाणी तिकडून इकडे आलं याची बातमी देशभर झाली. माणसं इकडून तिकडे जातात, ती बातमी होण्याइतकी नवी राहिलेली नाही.

झोप काही लागली नाही, पाठीखालची पेटी टोचत होती. मग चाकांवरच्या घरांचा विचार करत बसलो. १८८५ साली इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाचं घोड्यांनी ओढायचं घर बांधून घेतलं, केवळ हौसेने देश हिंडायला. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत लोक घरच्या आवारातच प्लायवूडचे छोटे ट्रेलर ठोकू लागले, आत जेमतेम दोघं झोपतील एवढे. आपल्याकडे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांना उभं राहायला पार्क हवेत आणि तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह हवं, असा त्या धोरणाचा विचार. विचार योग्यच आहे. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाला रात्री नळ आणि दिवा लागतोच.

येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी ही गावं झोपेत आणि उन्हात गेली. टेंभुर्णीनंतर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि लेकरं सावरून बसली. अकलूजच्या अलीकडे एका पडीक रानात ट्रॅक्टर वळला. हाच आमचा तळ.

इथून पुढचा तासभर बघण्यासारखा होता. ट्रॉली जितक्या हिशेबाने भरली होती, तितक्याच हिशेबाने उलटी रिकामी झाली. आधी लागणाऱ्या काठ्या आणि चटया मागच्या ट्रॉलीत शेवटी टाकल्या होत्या, कारण उतरल्यावर पहिलं काम निवाऱ्याचं. पुरुषांनी पहारीने गोलाकार खड्डे पाडले, कळकाच्या काठ्या रोवून वरच्या टोकाला वाकवल्या, एकमेकींना सुंभाने आवळल्या. त्यांवर चटया, चटयांवर ताडपत्री, तळाला मातीचा बांध, म्हणजे पाणी आत येणार नाही. बायकांनी तोवर आतली जमीन चोपून घेतली आणि दारापुढे तीन दगडांची चूल मांडली. दिवस मावळायच्या आत दहा कोप्या उभ्या होत्या. आत ताठ उभं राहता येत नाही, वाकूनच जायचं. पेटी भिंतीशी, पेटीवर वाकळा, आढ्याला सोलरचा छोटा दिवा. कमी साहित्यात, कमी वेळात, उपसून पुन्हा बांधता येईल असं घर बांधण्याची ही विद्या कुठल्या अभ्यासक्रमात नाही. माझे विद्यार्थी ती बघत बघत शिकतात.

मी मावशींना विचारलं, पाणी कुठून आणणार? त्यांनी लांबच्या एका विहिरीकडे हात केला. संडासाचं विचारायला मी संकोचलो, तर त्याच म्हणाल्या, "बायांनी उजाडायच्या आत जायचं, सर. न्हाईतर मग अंधार पडल्यावर." पहाटे चारला फडात जायचं, दिवसभर मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहायच्या, पाळीच्या दिवसांतही खाडा करायचा नाही, कारण खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची आकडेवारी २०१९ साली विधिमंडळात आली, तेव्हा राज्य हादरलं होतं. चौकशी समिती नेमली गेली. त्या आकड्यामागे काय असेल, ते मला अहवालापेक्षा त्या विहिरीच्या अंतरावरून जास्त कळलं.

माझं मत स्पष्ट आहे. या लोकांना घर बांधायला कुणी शिकवण्याची गरज नाही, ट्रॉली भरायलाही नाही. त्यांना कमी पडते ती घर उभं करायची जागा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, ते चांगलं झालं. पण दर वाढल्याने तळावर नळ येत नाही. प्रत्येक कारखान्याला हंगामाआधी साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. कॅराव्हॅन पार्कसाठी जे तीन शब्द धोरणात सुचतात, पाणी, वीज आणि स्वच्छतागृह, तेच या परवान्याची अट व्हावेत. तोवर हे वाचणाऱ्यांपैकी कुणी एखाद्या सहकारी कारखान्याचा सभासद असेल, तर त्याने येत्या वार्षिक सभेत उभं राहून एवढंच विचारावं: आपल्या तळांवर यंदा संडास किती बांधले?