परीक्षा विचारीत नाही म्हणून

पुणे, श्रावण शुद्ध अष्टमी

चि. अनघा,

तुझे पत्र (पत्र कसले, मोबाइलवरच्या चार ओळी) परवा रात्री वाचले, आणि जो प्रसंग तू मला हसू यावे म्हणून कळविलास, तो वाचून मला काही केल्या हसू येईना. दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंनी मोन्शिनह्योचा कागद पुढे करावा, त्यावर नाव, पत्ता आणि दुखणे लिहावयास सांगावे, आणि तीन वर्षे जपानचे पाणी प्यालेल्या, जपानी भाषेच्या परीक्षेतली एन-४ची सनद बाळगणाऱ्या आमच्या पुतणीने मोबाइल दाखवून तो कागद त्या बाईंकडूनच भरून घ्यावा! बाई सालस होत्या, त्यांनी हसतमुखाने भरून दिला, हे सारे कबूल. परंतु मुळात दवाखान्यात जाण्याचे कारण काय घडले, याविषयी त्या चार ओळींत अवाक्षर नाही. वहिनींना मी अद्याप काही बोललेलो नाही. पण हे फार दिवस जमणार नाही.

आता तुझा प्रश्न. एन-३ वगळून डिसेंबरात एकदम एन-२ला बसावे काय, तर बसू नये. तुझी घाई मला कळते. उच्चकुशल व्यावसायिकांच्या व्हिसाच्या गुणतक्त्यात एन-२ला १० आणि एन-१ला १५ गुण मिळतात, एन-३ला काहीच मिळत नाही, आणि कायम वास्तव्याची मुदत त्या गुणांवर कमीअधिक होते, हे तुझ्या मनात घोळत असणार. परंतु ही एन-३ची पायरी कोणी हौसेने बांधलेली नाही. १९८४ साली परीक्षा सुरू झाली तेव्हा चारच इयत्ता होत्या. तिसरीस सुमारे ३०० कांजी (चित्राक्षरे) लागत आणि दुसरीस सुमारे १०००, आणि या दोहोंमधल्या खंदकात रानडे इन्स्टिट्यूटच्या जपानीच्या संध्याकाळच्या वर्गातले माझे किती हुशार सोबती कायमचे गडप झाले, त्यांची नावे तू आपल्या ओटीवर अनेकदा ऐकली आहेस. तो खंदक बुजवावा म्हणूनच २०१० साली पाच इयत्ता करून ही पायरी मधे घातली. अर्ज इंटरनेटवरूनच करावयाचा असतो आणि त्याची मुदत आता दाराशी आली आहे, तेव्हा पुन्हा विचारण्यात दिवस घालवू नकोस.

येथे पत्र संपले असते. पण त्याच ओळींच्या शेपटीला तू जे सहज जोडून दिले आहेस, की ‘हाताने लिहिणे मी सोडले, परीक्षेत कुठे लिहावे लागते?’, त्याने माझी झोप उडाली. परीक्षेत लिहावे लागत नाही, हे शंभर टक्के खरे. एन-२ला १०५ मिनिटे शब्द, व्याकरण नि वाचन, मग ५० मिनिटे श्रवण, आणि साऱ्या वेळात पेन्सिलीने वर्तुळे काळी करणे. ना बोलणे, ना एक अक्षर लिहिणे. परंतु परीक्षा जे विचारीत नाही ते शिकू नये, हा सिद्धान्त तुला कोणी पढविला? वकिलीच्या परीक्षेत साक्षीदाराचा चेहरा वाचता येतो की नाही हे विचारीत नाहीत, म्हणून तुझ्या आजोबांनी ते शिकावयाचे सोडले नव्हते.

एक उदाहरण घे. देवळाची ती कांजी, ‘तेरा’, तुला अगदी आरंभापासून येते. तिच्या डाव्या अंगाला सूर्य बसविला की ‘तोकी’, म्हणजे वेळ. हात बसविला की ‘मोत्सु’, धरणे. चालण्याची खूण बसविली की ‘मात्सु’, वाट पाहणे. आणि वाणी बसविली की ‘शि’, कविता. नुसत्या डोळ्याने वाचणाऱ्याला ही चारही सख्खी भावंडे एकाच चेहऱ्याची दिसतात, आणि घड्याळाकडे पाहत घाईने वाचताना तो धरणाऱ्याला वाट पाहावयास लावतो. ज्याच्या हाताने प्रत्येकीचे डावे अंग निराळ्या वळणाने शंभरदा काढले, त्याची अशी फसगत होत नाही. आणि क्रम! ‘उजवे’ लिहिताना तिरपी रेघ आधी, ‘डावे’ लिहिताना आडवी आधी. हा भेद छापील पुस्तकाकडे दिवसभर टक लावून बसलीस तरी डोळ्याला सापडावयाचा नाही, तो फक्त मनगटाला ठाऊक असतो.

तू म्हणशील, खुद्द जपानी लोकच आता लिहावयाचे विसरत चालले आहेत. विसरत आहेत खरे. २०१० साली नित्य वापराच्या कांजींची यादी १९४५ वरून २१३६ वर नेली, तेव्हा तेथील तज्ज्ञांनीच सांगून टाकले की यांपैकी प्रत्येक कांजी हाताने लिहिता आलीच पाहिजे असे नाही. पण ही सवलत कोणाला? प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत चौकटींच्या वहीत १०२६ कांजी घोटून आलेल्यांना. तू त्या सवलतीवर हक्क सांगतेस ही मोठी गंमत आहे. शिवाय त्या मुलखात आजही मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव मतदाराला स्वहस्ते लिहावे लागते. २०१९ साली महाराष्ट्रातून तेथे गेलेले योगेंद्र पुराणिक तुझ्याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, ते हजारो हातांनी ‘योगी’ ही दोन सोपी हिरागाना अक्षरे लिहिली तेव्हा.

माझा हा हट्ट आजचा नाही. माळ्यावरच्या मोडी कागदांच्या रुमालांचे काय झाले ते आठव. वाचता येते ना, मग लिहावयाचे कशाला, असे घरातले अण्णा म्हणत राहिले. पुढे वाचताही येईना, आणि वाडीच्या हद्दीचा तंटा उभा राहिला तेव्हा आपल्याच पणजोबांचा कागद लावण्यासाठी मेहनताना देऊन परका माणूस आणावा लागला. त्याने जे वाचले ते बरोबर की चूक, हे सांगणारा घरात एक जण उरला नव्हता. मोबाइल तुला जे वाचून दाखवितो त्याची शहानिशा तू कशाने करणार?

आणि वाचण्याचीच गोष्ट निघाली म्हणून विचारतो. तुमच्या प्रभागाने २०१९ साली घरोघर वाटलेला तो पुराचा नकाशा तू कधी नीट वाचला आहेस काय? प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, आणि महापूर आला तर पाणी आठवडा-दोन आठवडे हटणार नाही. सबब येथे थांबू नका, वेळीच प्रभागाबाहेर जा, अशी ताकीद प्रभागाने स्वतःच्याच नकाशावर छापली आहे. तुमच्या निशिकासाईत सभोवती आपली माणसे पुष्कळ, भाजी-मसाला मिळतो, मराठीत दिवस निघतो, म्हणून तुला त्या कागदाची गरज भासली नसेल. पण वादळाचे दिवस आता ऑक्टोबरपर्यंत चालतील, आणि वीज गेल्यावर मोबाइल किती वेळ जागा राहील? तो नकाशा घरात नसेल तर प्रभाग कचेरीतून मागून आण. जाशील तेव्हा कागदावर नाव-पत्ता तूच लिही.

तू कितव्या मजल्यावर राहतेस, हे मी आजवर विचारलेच नाही. तळमजला असेल तर घरमालकाशी करार किती दिवसांचा आहे, तेही कळव. प्रभागाबाहेर तुझी कोणी मैत्रीण राहते काय? तिचा पत्ता मला पाठव, आणि कशासाठी औषध घेतेस तेही.

तुझा,
बापूकाका