औषध छातीचं, काळजी कातडीची

आमची अक्का बेळगावची, पण दिली बुरहानपूरला. शनवारा दरवाजापासून जवळच तिचं घर. निमाडचं ऊन काय असतं, ते आमच्यासारख्या पावसाळी मुलखातल्यांना तिथं गेल्यावरच कळतं. "हे बिसिलू नव्हे गं, बेंकी आहे," असं अक्का म्हणते.

तिला पूर्वी टीबी झाला होता. तो बरा झाला, पण फुप्फुसात पोकळी राहिली आणि काही वर्षांनी तिथं ॲस्परजिलस नावाच्या बुरशीनं घर केलं. खोकल्यातून रक्त पडू लागलं. डॉक्टरांनी व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या. २००२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध अशा दुखण्यात महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. रक्त थांबलं, अंगावर मांस आलं. पण उन्हाळा लागला आणि तिचे गाल, हातांची पाठ भाजल्यासारखी लाल झाली. ओठ सोलले, मागाहून काळे डाग पडले. खोकल्याला कुणी नावं ठेवली नव्हती, डागांना ठेवली. अक्कानं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. "गोळ्याच बंद करते," म्हणाली, तेव्हा मात्र आम्हाला धडकी भरली. गोळ्या सुटल्या की बुरशी पुन्हा डोकं वर काढणार!

त्वचेच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हे औषध शरीरात मोडताना तयार होणारा पदार्थ सूर्याचे अतिनील किरण शोषतो. त्यामुळे एरवी सोसणारं ऊनही कातडी जाळतं. यातले काही किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांत, विशेषतः अवयव बदललेल्या रुग्णांत, त्वचेचा कर्करोगही आढळला आहे. म्हणून खरखरीत चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, की लगेच दाखवायची.

पुढं छातीच्या डॉक्टरांनीच गोळी बदलून इट्राकोनॅझोल दिलं. लाली गेली, डाग हळूहळू फिके होताहेत. लांब बाह्यांचं पोलकं, छत्री आणि उन्हाचं मलम यांची सवय अक्कानं सोडलेली नाही. हळदीकुंकवालाही जाते, दिवे लागल्यावर.

तुमच्या घरी कुणाच्या अशा गोळ्या चालू असतील, तर ऊन टाळायला सांगा, अधूनमधून कातडी पाहा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू देऊ नका. आणि डागावरून त्या माणसाला घरात बसवू नका.