जिन, फास आणि जन्म

विदर्भात ‘जिन’ म्हणजे काय, असे विचारले तर कोणीही सांगेल, कापसातून सरकी काढण्याचा कारखाना. आमचा अर्जुनी मोरगावचा मुलूख धानाचा; जिनिंग पाहायचे तर वर्धा-अमरावतीकडे जावे लागते. परंतु इंग्रजीत या शब्दाचा याहून कितीतरी जुना अर्थ आहे सापळा. 1611 साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या बायबलमध्ये आमोस संदेष्टा विचारतो, की फास मांडलेला नसता पाखरू भुईवर सापडेल काय? तेथे फासासाठी हाच ‘जिन’ शब्द योजला आहे. (पेयाच्या ‘जिन’शी याचा संबंध नाही. तो शब्द ज्युनिपर नावाच्या झुडपावरून आला. प्रश्न येणार हे ठाऊक असल्याने आधीच सांगून ठेवतो.)

शब्दाचा माग काढत मागे गेलो, की जुन्या फ्रेंचमधील ‘आँजँ’ भेटतो. कसब, युक्ती, आणि युक्तीने बनवलेले साधन असे त्याचे अर्थ. पुढचे अक्षर गळून इंग्रजीत ‘जिन’ झाला, न गळता ‘इंजिन’ झाला. एली व्हिटनीने 1794 साली ज्या कापूसयंत्राचे पेटंट घेतले, त्याच्या नावातही तोच उरला. फ्रेंचच्या मागे उभा आहे लॅटिन ‘इंगेनियुम’, म्हणजे माणसाच्या ठायी उपजत असलेली बुद्धी. सेमिनरीत लॅटिन शिकताना हा शब्द पाठ केलेला. त्याचा धातू आणि आपल्या संस्कृतातील ‘जन्’ हे एकाच कुळातले, हे ध्यानी आले तेव्हा मोठी मौज वाटली. म्हणजे इंजिन, जिनिंग आणि जन्म ही एकमेकांची भावंडे!

लॅटिनमध्ये फासाला ‘लाक्वेउस’ म्हणतात. पारध्याच्या फासातून सुटलेल्या पाखराचे स्तोत्र आपणांस परिचित आहे. त्याच्या लॅटिन पाठात हाच शब्द येतो. त्यातूनच पुढे ‘लेस’ निघाली. वेदीच्या वस्त्राला आमच्या भगिनी जी जाळीदार किनार लावतात, ती शब्दाच्या दृष्टीने फासच होय.

मराठीत ‘पाश’चा फास झाला, फाशी झाली, आणि एका समाजाचे नावही झाले, फासेपारधी. तितराच्या वाटेवर दोऱ्याचा फास कोठे मांडावा हे ज्याला कळते, त्याने पाखराची चाल, दाणा, वारा, वेळ सारे वाचलेले असते. मारुती चितमपल्ली (निधन 2025) यांनी आमच्याच तालुक्यातील नवेगाव बांधला वनाधिकारी म्हणून अनेक वर्षे काढली, आणि रानातल्या माणसांचे शब्द वेचून आपल्या लेखनात आणले. पुस्तकी पंडितांना ठाऊक नसलेले पाखरांचे ज्ञान या माणसांजवळ आहे, हे त्यांनी जाणले होते. इंगेनियुम म्हणावे ते यालाच.

इंग्रज सरकारला मात्र यात कसब दिसले नाही. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे पारध्यांनाही तो लागू झाला. मूल गुन्हेगार ठरे ते जन्मानेच. ‘जन्’ धातूचा इतका क्रूर उपयोग दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल. स्वतंत्र भारताने 1952 साली तो कायदा रद्द केला. तरी आजही कोठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांकडेच बोट जाते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फास लावणे ही शिकारच मानली. ते योग्यच झाले. रानडुकरासाठी लावलेली तार चितळ, बिबट्या ओळखत नाही, आणि हे रान 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. ज्याचा उभा धान डुकरांनी एका रात्रीत लोळवला, त्या शेतकऱ्याचा राग आम्ही समजू शकतो. तरीही तारेचा फास नकोच. परंतु फासावर जगणाऱ्याच्या हातून फास काढून घेतला, तेव्हा त्या हातात दुसरे काय दिले? पाखरांची एवढी जाण असलेल्या माणसाला रानाचा राखणदार नेमावे, पक्षिगणनेला न्यावे, त्याच्या लेकरांना शाळेत पहिल्या बाकावर बसवावे, असे आम्हांस वाटते. पाल पडले की गावाबाहेर हुसकून लावणारे हात पुष्कळ आहेत. त्यांत आपल्याही धर्मग्रामाचे काही असतील.